सावली लागू पडते तो उन्हाळा

अकोल्याचे 44 अंश परवडले, ठाण्याचे 34 नकोत, असं मी म्हटलं की सासरची मंडळी एकमेकांकडे बघतात. माहेराचं कौतुक प्रत्येकीला असतं हे त्यांना मान्य आहे. माहेरच्या उन्हाचं कौतुक मात्र जरा अति वाटतं. नवरा मूळचा गुहागरचा. अकोल्यात मे महिन्यात माणसं राहतात हाच त्याच्या लेखी चमत्कार, आणि राहतात ती नाइलाजाने. दर एप्रिलला हे भांडण आमच्याकडे नव्याने सुरू होतं. यंदा म्हटलं, आपली बाजू एकदा लिहूनच काढावी.

तर माझी बाजू एवढीच आहे की कोरड्या उन्हात सावली लागू पडते.

मे महिन्यात दुपारी दोनला अकोल्याच्या रस्त्यावर उभं राहिलं तर ऊन चावतं. डोळे पुरते उघडत नाहीत, स्कूटरच्या हँडलला हात लावता येत नाही, आणि वारा आला तर तो भट्टीचं तोंड उघडल्यासारखा येतो. पण चार पावलं टाकून कडुनिंबाखाली गेलं की जिवात जीव येतो. जाड मातीच्या भिंतींच्या, कवेलूच्या घरात शिरून दार लोटून घेतलं की आणखी बरं वाटतं. ओला दुपट्टा मानेवर टाकला की माणूस बोलायच्या मनःस्थितीत येतो. ऊन बाहेर, आपण आत, मध्ये दार. ठाण्यात ते दार कुठे असतं ते मला अजून सापडलेलं नाही. जिन्यात उभं राहा, पंख्याखाली बसा, पडदे ओढून घ्या, उकडायचं ते उकडतंच. आंघोळ करून बाहेर यावं, पाठ पुसावी, आणि केस पुसेपर्यंत पाठ पुन्हा ओली. ब्लाउजच्या काठाखाली घामोळं, कोपराच्या आत घामोळं, आणि वर शेजारीण म्हणते, "यंदा तसा उन्हाळा कमीच आहे नाही?"

याचा पुरावा म्हणून मी माठाकडे बोट दाखवते. अकोल्याच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तीन विटांवर माठ असायचा, तळाशी ओली वाळू, कडेने भिजवलेलं गोणपाट. आई सकाळ-संध्याकाळ त्या गोणपाटावर तांब्याभर पाणी शिंपडायची. माठाला बाहेरून हात लावला तर गार लागायचा, पण हाताला पाणी लागायचं नाही. पाझरलेलं पाणी पृष्ठभागावर येता येताच उडून जायचं. मागे राहायचा तो क्षारांचा पांढरा पापुद्रा. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा भाग खारपाणपट्ट्याचा, बोअरचं पाणी माठात भरलं की ही पांढरी नक्षी आठवड्याभरात उमटते. आतलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार. तसलाच एक माठ मी हौसेने ठाण्याला आणला. मुंबईच्या हवेत तो कायम ओला राहिला. खाली थारोळं साचायचं, बुडाशी शेवाळ धरलं, आणि पाणी नळाच्या पाण्याहून जेमतेम उणं. माठ त्याच कुंभाराचा. पाझरत तो इथेही होता, पण पाझरलेलं पाणी घ्यायला हवेत जागाच नव्हती.

आपलं अंगही याच तत्त्वावर चालतं. घाम आल्याने माणूस गार होत नाही, घाम उडून गेल्याने होतो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर तो शरीरातून सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेत जवळजवळ सहा लिटर बर्फासारखं पाणी उकळीला येईल. निसर्गाने दिलेलं हे यंत्र एवढं जबरदस्त आहे. पण तो घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकून जमिनीवर पडला, किंवा रुमालाने पुसला, की त्याचा उपयोग शून्य. लोकलच्या चौथ्या सीटवर बसून, दोन्ही बाजूंनी लोकांचे दंड चिकटलेले असताना जो घाम गळतो, तो सगळा वाया. पाणी गेलं, मीठ गेलं, गारवा काही मिळाला नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत दोन तापमापक शेजारी टांगलेले असायचे, एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. ओल्या फडक्याचा पारा जिथे स्थिरावतो तिथपर्यंतच पाणी उडवून गारवा मिळवता येतो. माठाची, कूलरची आणि घामाची तीच हद्द. आता हिशेब करा. अकोल्यात 44 अंश आणि हवेत 12 टक्के आर्द्रता असेल तर हा ओला पारा येतो 22 च्या आसपास. ठाण्यात 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर तो येतो 28 च्या वर. टीव्हीवरच्या बातम्यांत अकोला लाल रंगात आणि ठाणे पिवळ्यात असतं, पण ओल्या फडक्याला विचारलं तर जास्त तापलेलं ठाणेच. हे मी जेवणाच्या ताटावर नवऱ्याला समजावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग तुझ्या बाबांना म्हणावं ओलं फडकं गुंडाळून फिरा." बाबा तेच तर करतात! आमच्याकडे उन्हात निघालेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्याला दुपट्टा असतो, आणि शहाणा माणूस तो भिजवून घेतो.

हा ओला पारा 35 च्या पुढे गेला तर सावलीत, पंख्याखाली, नुसत्या बसलेल्या धडधाकट माणसाचंही शरीर काही तासांत हरतं, असं 2010 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी गणिताने मांडलं. नंतर प्रत्यक्ष माणसांवर चाचण्या झाल्या, त्यांत ही हद्द त्याहून बरीच खाली निघाली. आपल्याकडचं हवामान खातंसुद्धा किनाऱ्याला वेगळी फूटपट्टी लावतं: उष्णतेची लाट जाहीर करायची तर मैदानी भागात पारा निदान 40 ला पोचावा लागतो, किनाऱ्यावर 37 पुरतात. ही तीन अंशांची सवलत म्हणजे दमटपणाची सरकारी कबुलीच. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला लाखो लोक तासन् तास बसले होते. पारा 38 च्या आसपास होता. 14 माणसं गेली. त्या आठवड्यात अकोल्याहून आत्याचा फोन आला, तिला खरंच कळत नव्हतं. "अडतीसात कसं काय ऊन लागते वं? आपल्याकडे अडतीस म्हणजे होळी." तिला समजावता समजावता माझ्या लक्षात आलं की आमच्याकडचा माणूस तिकडे गेला तर त्याचा आकड्यांचा अंदाजच दगा देतो. आकडा ओळखीचा, ऊन अनोळखी.

आकड्यांचं आमच्या लोकांना वेड आहेच. मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47.9 ला गेला होता, तो आकडा माझे नागपूरचे मामा स्वतः चढवल्यासारखा सांगतात. मे 2024 च्या अखेरीस तर तिथल्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंशांची नोंद झाली. सेन्सरमध्ये बिघाड होता, असं हवामान खात्याने स्पष्ट केलं, पण तोवर आमच्या घरच्या ग्रुपवर अभिनंदनं होऊन गेली होती. चंद्रपूरच्या मावशीने तेवढं उत्तर दिलं नाही.

सासूबाईंची बाजू मांडली नाही तर हे लिखाण एकतर्फी होईल, आणि त्या हे वाचणार आहेत. माझ्या भावाच्या लग्नाला एप्रिलच्या शेवटी त्या अकोल्याला आल्या होत्या. विदर्भ एक्स्प्रेस पहाटे पोचते, त्यामुळे उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "अगो, हवा किती छान आहे गं तुमच्याकडे." नऊ वाजता त्यांनी खिडकी लावून घेतली. अकरा वाजता विचारलं की हे असंच राहतं का. आई म्हणाली, "विहीणबाई, आता पाचपर्यंत बाहीर निंघायचं नाही बरं." त्यांच्या ओठांना चिरा पडल्या, टाचा फुटल्या, साडी सारखी अंगाला चिकटून चटचट करायला लागली, आणि हळदीच्या दिवशी त्यांचा घोळणा फुटला. मांडवात वधूपक्षाची माणसं जमलेली, आणि वरपक्षाची विहीण नाकावर ओला रुमाल धरून मान खाली घालून बसलेली. कुणी थंड पाण्याची घडी कपाळावर ठेवली, कुणी चिरलेला कांदा हुंगायला आणला. त्यांना सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. "मला घामच येत नव्हता गं," त्या पुढे कितीतरी दिवस सांगत होत्या. "घाम नाही म्हणून पाणी नको वाटलं, आणि संध्याकाळी चक्कर."

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. कोरड्या हवेत घाम येतो, भरपूर येतो, पण दिसायच्या आत उडतो. अंगाला ओल नाही म्हणून माणूस पाणी पीत नाही आणि आतून सुकत जातो. शिवाय त्वचेचं तापमान 35 च्या आसपास असतं. त्याच्या पुढे पारा गेला की वाराही अंगाला तापवतोच, पंखा लावला तरी. दमट उन्हाळा निदान चिकटून चिकटून आपल्याला सांगत राहतो की तो आहे. कोरडा उन्हाळा काही बोलत नाही. अहमदाबादची हवा आमच्यासारखीच कोरडी. तिथे मे 2010 मध्ये नेहमीपेक्षा 1,300 हून जास्त मृत्यू झाले, आणि त्यातूनच 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करायचा आराखडा बनवला. तेव्हा माझं ऊन निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. मला ते आवडतं, एवढंच म्हणते.

आवडण्याचं एक मोठं कारण वाळवण. आमच्याकडे कुरडयांचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक, चुलीवर मोठ्या गंजात शिजवलेला, घोटताना आईचे दंड भरून यायचे. उजाडायच्या आत गच्चीवर जुनं धोतर अंथरून सोऱ्याने कुरडया घालायच्या, कारण सातनंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही. आम्ही पोरं राखणीला, म्हणजे गरम चीक वाटीत घेऊन खायला. दुपारी चारला वर गेलं तर कुरडया धोतरावरून आपोआप सुटलेल्या असायच्या, कडा वर वळलेल्या, एकीवर एक टाकली की खणखणायच्या. एका दिवसात काम खलास. डबा भरला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बघायला नको.

गुहागरला सासूबाई आमसुलं करतात ते बघणं म्हणजे सहनशक्तीची परीक्षा. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालं बाहेर वाळत टाकायची, संध्याकाळी ती मिठाच्या आगळात बुडवायची, म्हणजे पूट द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळत. असं कितीतरी दिवस चालतं, आणि रोज दुपारी समुद्रावरून मळभ येतं. मळभ आलं की त्या अंगणात येऊन आकाशाकडे बघतात, एक साल उचलून बोटांत दाबतात, चिकट लागलं की काही न बोलता आत जातात. मे सरत आला की घाई सुरू. पहिला पाऊस आणि शेवटचं पूट यांच्यात कधीकधी दोनच दिवसांचं अंतर राहतं. पण त्या आमसुलाची सोलकढी प्यायल्यावर मला काही बोलता येत नाही. कोरड्या हवेने असलं काही घडवलेलं नाही, हे मी मान्य करते. आमच्याकडे रातांबा धरतच नाही.

मात्र सावली लागू पडते असं म्हणणारी मी, ही जिला सावली मिळाली ती आहे. दार लोटून घ्यायला दार लागतं. कूलरला पाणी लागतं. आमचा कूलर लोखंडी पत्र्याचा, खिडकीबाहेर घोड्यावर बसवलेला. होळी झाली की त्याचं जुनं गवत काढून नवं भरायचं, पंप साफ करायचा, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर येणाऱ्या ओल्या गवताच्या वासावर सगळं घर खूश व्हायचं. तो दिवसाला कितीतरी बादल्या पाणी पितो. ज्या उन्हाळ्यात नळाला आठवडा-आठवडा पाणी यायचं नाही, त्या उन्हाळ्यात बाबा कूलरसमोर उभे राहून टाकीत डोकावायचे आणि पंप बंद करायचे. नुसत्या पंख्यावर तो कूलर बाहेरची आग आत फेकायचा. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. त्या गावात त्या वर्षी कोरड्या हवेचे फायदे सांगायला कुणी गेलं नसेल. गारवा स्वस्त आहे, फक्त तो पाण्यात मोजावा लागतो, आणि कोरड्या मुलखात नेमकं तेच नसतं. गडचिरोली-गोंदियाकडे मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसं पहाटेच्या अंधारात रानात शिरतात ती उन्हाच्या आधी परत यायला. पुडे बांधणं, ते फडीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, नेणं यात दिवस वर येतोच. बांधकामावर, भट्टीवर, रस्त्यावर काम करणाऱ्याला दुपारी एक ते पाच हा काळ आमच्यासारखा झोपेचा नसतो. शाळांना तेवढी समज आहे. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात त्या महिन्याच्या शेवटाकडे.

आणि खुद्द आमच्याकडेही सगळ्यात नकोसे दिवस मेचे नसतातच. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापते नऊ दिवस, लोक दात-ओठ खाऊन काढतात, पण त्यात एक शिस्त आहे, सकाळ कधी संपते आणि संध्याकाळ कधी सुरू होते हे ठरलेलं असतं. खरी चिडचिड जूनमध्ये. एखादी सर येऊन जाते, पाऊस मागे दडी मारतो, हवा ओली होते आणि पारा चाळिशीतून हलत नाही. कूलर लावला की अंथरूण दमट, बंद केला की घुसमट. पापड मऊ पडतात. शेजारीपाजारी कारण नसताना भांडणं होतात. त्या पंधरा-वीस दिवसांत अकोल्याचं ठाणं झालेलं असतं, वर दहा अंश जास्त. नवरा त्याच सुमारास एकदा आला होता आणि त्याने तेवढ्यावरून विदर्भाबद्दल कायमचं मत बनवलं.

उलटही घडतं. मार्चमध्ये ठाण्यात एक-दोन दिवस असे येतात की पूर्वेकडून, घाटावरून वारा सुटतो आणि एरवी दुपारी बाराच्या आत येणारा खारा वारा तीन-तीन वाजेपर्यंत येतच नाही. पारा 39-40 ला जातो, आर्द्रता विशीत उतरते. बातम्यांत हाहाकार. सोसायटीतले लोक लिफ्टमध्ये एकमेकांना पाणी पिण्याचे सल्ले देतात. मी त्या दिवशी चादरी धुते. गॅलरीत टाकलेली चादर तासाभरात कडक होते, ती नाकाशी धरली की उन्हाचा वास येतो, आणि उरलेल्या दिवसभर मी कुणी न विचारता कामं काढत सुटते. सासूबाई पडून असतात. "तुझं माहेर आलंय वाटतं भेटायला," त्या डोळे न उघडता म्हणतात, आणि मी त्यांना पन्हं करून देते, जरा जास्त मीठ घालून.

मुलाला यातलं काहीच कळत नाही. तो एसीत वाढलेला; त्याच्या मते उन्हाळा म्हणजे रिक्षापासून दारापर्यंतचं अंतर. रिमोटवर 24 दाबायचं आणि चर्चा संपली. अकोल्याच्या घरीही आता एसी बसला आहे. कूलर अजून त्याच खिडकीत आहे, आई म्हणते एसीत पाय आखडतात. बाबा मात्र एसीच्या खोलीत झोपतात आणि सकाळी चहा पिताना जुन्या गच्चीच्या गोष्टी सांगतात.

निवृत्तीनंतर कुठे राहायचं हा विषय आमच्याकडे हल्ली वरचेवर निघतो. नवऱ्याला गुहागरच्या घराच्या मागची जागा हवी आहे, मला अकोल्याची. मध्यममार्ग म्हणून सध्या बोलणी नाशिकवर येऊन थांबली आहेत. सासूबाई विचारतात, तिथे समुद्र कुठे आहे. बाबा विचारतात, तिथे उन्हाळा कुठे आहे. आम्ही दोघं फ्लॅटचे भाव बघतो आणि पुढच्या वर्षी ठरवू म्हणतो.